आश्विन, शके १७२४

दौंडाहून निघालेली गाडी कटफळच्या स्थानकात शिरली तेव्हा उन्हाला अजून चटका आला नव्हता, आणि रुळांच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या रानात, हस्ताच्या पावसाने भिजून काळ्याभोर झालेल्या मातीतून, रब्बीच्या ज्वारीची दोन-दोन बोटांची पाती वर येऊ लागली होती. ऑक्टोबरची ८ तारीख मी मुद्दाम धरली होती. १८०२ साली याच तारखेला, म्हणजे शके १७२४ च्या आश्विनात, दसरा नुकताच होऊन गेला असता आणि कोजागरी तोंडावर आली असता, बारामतीजवळच्या या मुलखात मराठ्यांच्याच दोन फौजा एकमेकींवर चालून गेल्या; एक श्रीमंत पेशव्यांची, दुसरी यशवंतराव होळकरांची. त्या लढाईनंतर सतरा दिवसांनी हडपसरला झालेली लढाई आणि वर्षअखेरीस वसईला झालेला तह यांच्या सावलीत ही बारामतीची लढाई झाकून गेली. परंतु मला कित्येक वर्षे असे वाटत आले आहे की, मराठी राज्याच्या शेवटच्या यादवीचा उंबरठा ओलांडला गेला तो येथे, आणि त्या यादवीचे मोल ज्यांनी आपल्या घरादारानिशी चुकते केले त्यांची वस्तीही याच रानांत होती. म्हणून एकदा हा माळ पायांखाली घालावा, त्याच दिवसांत, पिकांच्या त्याच अवस्थेत पाहावा, असे मनाशी धरून मी आलो होतो.

स्थानकाबाहेर भाचा मोटारसायकल घेऊन उभा होता. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो नोकरीला आहे. रात्रपाळी करून, डोळे तांबारलेले असतानाही, घरी न जाता तो परस्पर मला घ्यायला आला होता.

"मामा, बारामती बघायची तर गावात जाऊ. नाईकांचा वाडा आहे, देवळं आहेत. एमआयडीसीत तुम्ही काय बघणार?"

"माळ बघायचा आहे," मी म्हणालो.

"माळ आता कुठं राहिलाय?" असे म्हणत त्याने गाडी सुरू केली.

माळ खरोखरच फार उरलेला नाही. काटकोनांत आखलेले रुंद रस्ते, तीनचाकी गाड्या करणारा पियाज्जोचा कारखाना, लोखंडाला आकार देणारी भारत फोर्ज, दुधावर प्रक्रिया करणारा मोठा प्रकल्प, चॉकलेट करणारी इटलीची फेरेरो, कापडउद्योगासाठी वसवलेले निराळे आवार आणि त्यापलीकडे विमानांची धावपट्टी, असा हा सगळा पसारा ज्या जमिनीवर उभा आहे, ती पिढ्यान् पिढ्या कुसळी गवताची आणि मेंढरांची जमीन होती. पाळी बदलण्याची वेळ होती. एका फाटकापाशी बसमधून उतरणाऱ्या बाया, हातात डब्याची पिशवी आणि गळ्यात ओळखपत्राची दोरी, एकमेकींशी सणाच्या सुट्टीबद्दल बोलत झपझप आत जात होत्या. त्यांच्या आज्यांनी याच परिसरात दुष्काळी कामांवर खडी फोडली असेल, हे मनात येऊन त्या लगबगीकडे मी मोठ्या समाधानाने पाहत राहिलो.

दोन कारखान्यांच्या कुंपणभिंतींमध्ये एक भूखंड अद्याप रिकामा होता. भाच्याने गाडी तेथे उभी केली. क्रमांक लिहिलेला पत्रा गंजून एका बाजूस कलला होता, तरवडाची झुडपे पिवळ्या फुलांनी भरली होती, आणि पायाखाली मुरूम होता. तांबूस, कोरडा, वर हातभर देखील माती नसलेला. मी खाली वाकून मूठभर उचलला. नेमक्या याच मुरमावर घोडी फेकली गेली असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. लढाया काही भूखंडाचा क्रमांक पाहून होत नाहीत, त्या कोसांच्या हिशेबाने पसरतात. पण फौजांनी जे पाहिले ते भूमीचे रूप या तुकड्यावर अजून शिल्लक होते. उत्तरेस भीमा, दक्षिणेस नीरा आणि मध्ये ही लांबच लांब उताराची पाठ. झाड थोडे, आडोसा थोडा, आणि घोडदळाला हवी तितकी मोकळीक. या पट्ट्याला भीमथडी म्हणत, आणि येथल्या गवतावर वाढलेली भीमथडीची तट्टे, अंगाने लहान पण दमाने अचाट, हीच मराठी स्वारीची खरी दौलत होती. या गवताने जी घोडी पोसली, त्यांच्याच टापांखाली हे गवत त्या दिवशी तुडवले गेले.

हे वैर कसे पेटले ते थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण ते सांगितल्याविना यशवंतरावाला केवळ लुटारू आणि पेशवे दुसऱ्या बाजीरावाला केवळ भेकड ठरवून मोकळे होण्याचा मोह पडतो. तुकोजी होळकर १७९७ च्या ऑगस्टात पुण्यास वारले. त्यांच्या मागे चार पुत्र. काशीराव, मल्हारराव, विठोजी आणि यशवंतराव. वारशाच्या तंट्यात दौलतराव शिंद्यांनी काशीरावाची बाजू घेतली, आणि सप्टेंबरात भांबुर्ड्याच्या तळावर छापा घालून मल्हाररावास ठार केले. मल्हाररावाचा तान्हा मुलगा खंडेराव शिंद्यांच्या कबजात गेला. विठोजी आणि यशवंतराव जीव घेऊन पळाले. विठोजीने पुढे पंढरपूरच्या बाजूस पुंडावा मांडला, मुलूख मारला, आणि त्यात अखेर बापू गोखल्यांच्या हाती सापडून तो पुण्यास आणला गेला. त्याचा अपराध लहान नव्हता. पण १८०१ च्या एप्रिलात शनिवारवाड्यासमोर त्याला जे शासन झाले, ते न्यायाचे नव्हते; आधी फटके आणि मग हत्तीच्या पायी बांधून, ओढून, तुडवून मृत्यू, आणि हे सारे धन्याच्या डोळ्यांदेखत. ज्या घराण्याच्या थोरल्या मल्हाररावाने दिल्लीपर्यंत भगवा नेला, त्याच घराण्यातल्या पुत्राचे हे मरण होते. कैद करता आले असते, दंड घेता आला असता, पुंडावा मोडलाच होता. सूड मात्र आवरला गेला नाही.

यशवंतराव तेव्हा माळव्यात होता. त्या एका वर्षात त्याने उज्जैनीस शिंद्यांच्या पलटणी मोडल्या, आणि इंदुरास स्वतः मार खाल्ला. शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याने इंदूर धुऊन नेले. १८०२ साली यशवंतराव खानदेशातून दक्षिणेत उतरला. त्याचे पेशव्यांकडे जे मागणे होते त्यात पुतण्या खंडेरावाची सुटका होती, होळकरांच्या दौलतीची दाद होती, आणि शब्दांत न मांडलेले भावाचे दुःख होते. बाजीरावाने दाद द्यावयाची नाही, उघड नकारही द्यावयाचा नाही, आणि वकिलांची बोलणी लांबवीत शिंद्यांच्या कुमकेची वाट पाहावयाची, असे धोरण धरले. यशवंतरावाचा सरदार फत्तेसिंग माने भीमा-नीरेच्या या मुलखात पुढे आला. त्याला अडवावयास पेशव्यांनी आपली फौज रवाना केली, तिच्यात सासवडचे पुरंदरे मुख्य होते.

इथे क्षणभर थांबावेसे वाटते. कऱ्हा नदी सासवडला पुरंदऱ्यांच्या वाड्यालगत वाहते, तेथून जेजुरीच्या पायथ्यानजीक येते, आणि मग बारामतीला येऊन पुढे नीरेस मिळते. जेजुरीचा खंडोबा हा होळकरांचा कुलस्वामी. सोमवतीला त्याची पालखी याच कऱ्हेवर स्नानाला उतरते. म्हणजे एका बाजूच्या सेनापतीचे घर ज्या पाण्यावर, दुसऱ्या बाजूच्या धन्याचा देव ज्या पाण्यात न्हातो, त्याच पाण्याच्या काठी ही दोन सैन्ये समोरासमोर ठाकली. दोन्हीकडे एकच भाषा, एकच शिव्या, एकच आरोळी. घायाळ माणूस पाणी मागे तेव्हा तो कोणाकडचा हे त्याच्या बोलण्यावरून कळण्याजोगे नव्हते.

८ ऑक्टोबरला फत्तेसिंग मान्याने पेशव्यांच्या फौजेचा मोड केला. इतिहासाच्या मोजपट्टीवर ती मोठी लढाई नव्हे. पण तिने पुण्याचा रस्ता मोकळा झाला, आणि त्याहून वाईट म्हणजे, बोलण्याने मिटेल असे जे काही उरले होते ते या दिवशी संपले. यशवंतरावाची सगळी फौज मागाहून पुण्याकडे सरकली आणि सोमवारी, २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, हडपसरच्या रानात तोफा सुरू झाल्या. शिंद्यांचा सरदार सदाशिवराव भास्कर आणि पेशव्यांचे लोक एकीकडे, यशवंतराव आणि त्याचा सरदार मीरखान दुसरीकडे. दोन्हीकडच्या कवायती पलटणींवर साहेबच होते, आणि शिंद्यांकडचा डॉज व होळकरांकडचा हार्डिंग हे दोघेही त्या दिवशी पडले. परक्यांनी परक्यांस मारले तेही आपल्याच पैशाने, आपल्याच घराच्या ओट्यावर. यशवंतराव स्वतः तोफांवर चालून गेला, जखमी झाला आणि जिंकला. बाजीराव लढाईच्या निकालापूर्वीच सिंहगडाच्या वाटेस लागला होता; तेथून रायगड, महाड, सुवर्णदुर्ग, आणि डिसेंबरात समुद्रमार्गे इंग्रजांच्या आश्रयाला वसईस. ३१ डिसेंबर १८०२ च्या तहनाम्याने सहा हजार पायदळाची तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख ठरला, आणि इंग्रजांस विचारल्याविना कोणाशी लढावयाचे नाही व बोलणेही करावयाचे नाही, हे पेशव्यांनी मान्य केले. दीड शतकाच्या राज्याची सनद एका भावाच्या सुडातून आणि एका धन्याच्या भयातून, हडपसरनंतर दहा आठवड्यांत, परहस्ते गेली.

"मग चूक कोणाची, मामा?" भाच्याने विचारले. तो गाडीच्या बैठकीवर टेकून इतका वेळ ऐकत होता, झोप विसरून.

मी म्हणालो, "विठोजीला सोडलं असतं तर यशवंतराव इकडे आला नसता, एवढं मला वाटतं. आणि यशवंतरावानं जिंकल्यावर पुणं पिळून काढलं नसतं, तर लोक त्याचे झाले असते, हेही वाटतं."

तो काही बोलला नाही. आम्ही गावात आलो.

बारामतीचा जुना कसबा कऱ्हेच्या काठाने बसला आहे. बाबूजी नाईकांच्या वाड्याची तटबंदी नदीच्या अंगाने भरभक्कम उभी आहे. खाली घडीव काळा दगड, वर वीटकाम, आणि चिऱ्यांच्या सांध्यांतून फुटलेले पिंपळाचे कोंब. हे बाबूजी नाईक मोठे सावकार. पहिले बाजीराव वारल्यावर १७४० साली पेशवाईच्या वस्त्रांसाठी रघूजी भोसल्यांनी त्यांचेच नाव पुढे केले होते. शाहू छत्रपतींनी ती वस्त्रे बाळाजी बाजीरावास दिली, आणि नाईकांनी तो अपमान पोटात ठेवला, पण त्यासाठी मुलूख जाळला नाही. याच घराच्या आश्रयाने मोरोपंत येथे राहिले, याच नदीकाठी त्यांनी आर्यांची ती अपार रचना केली, आणि १७९४ च्या चैत्री पौर्णिमेला देह ठेवला. महाभारतातील सगळी पर्वे ज्यांनी मराठीत आणली त्या कवीच्या गावी, त्यांच्या पश्चात अवघ्या आठ वर्षांनी, कौरव-पांडवांची कथा माणसांच्या रक्ताने पुन्हा मांडली जावी, ही गोष्ट त्या तटाखाली उभे असता मला फार लागली. पात्रात पाणी थोडे होते. एक मुलगा म्हशीला खरारा करीत होता, आणि म्हैस डोळे मिटून उभी होती.

त्या तटाने आणखी एक गोष्ट पाहिली आहे, आणि ती मला पहिलीपेक्षाही जिव्हारी झोंबते. ऑक्टोबरात येथे मराठ्यांनी मराठ्यांस मोडले. त्यानंतर पुरते सात महिनेही उलटले नाहीत तोच, १८०३ च्या एप्रिलात, आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि वॉटर्लूचा विजेता म्हणून जगाला ठाऊक झाला, तो मिरज, अकलूज करीत बारामतीवरून पुण्याकडे निघाला. पेशव्यांस गादीवर परत बसवावयाचे, हे त्याचे काम. यशवंतराव तेव्हा उत्तरेस निघून गेला होता आणि पुण्यात बाजीरावाचे दत्तक बंधू अमृतराव होते. ते शहर जाळून निघणार अशी बातमी वाटेत येताच वेलस्ली निवडक स्वारांनिशी रात्रीच दौडत सुटला, आणि सुमारे ६० मैल मजल ३२ तासांत मारून २० एप्रिलला पुण्यात दाखल झाला. त्याच्याबरोबर बापू गोखले होते, पटवर्धन होते; आपलेच नावाजलेले सरदार. ज्या वाटेवर आश्विनात आपण आपल्यांना अडवू शकलो नाही, त्याच वाटेवर चैत्राच्या उन्हात परक्याला अडवणारे कोणी उरलेच नव्हते. मे महिन्यात बाजीराव गादीवर बसले. सप्टेंबरात असईची लढाई, नोव्हेंबरात अडगावची. शिंदे, भोसले यांचे बळ त्या एका वर्षात संपले. यशवंतराव मात्र उशिरा का होईना इंग्रजांशी उभा ठाकला, त्याने मॉन्सनच्या फौजेची राजस्थानात दाणादाण उडवली, भरतपुरापर्यंत झुंज दिली, आणि १८०५ च्या अखेरीस राजघाटचा तह करून, १८११ साली भानपुऱ्यास वारला. हेच बळ, हीच ईर्ष्या दोन वर्षे आधी योग्य ठिकाणी लागती तर, असे मनात येते आणि मनातच राहते.

भाचा झोपावयास गेला, आणि मी दुपारच्या एसटीने इंदूरच्या होळकरांमागून इंदापूरच्या रयतेकडे निघालो. भवानीनगरपर्यंत दुतर्फा ऊस. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागाला गेल्या शतकाच्याही आधीपासून मिळते, आणि साखर कारखान्यांनी गावांचे रूप पालटले आहे. जंक्शन, लासुर्णे मागे टाकून गाडी पूर्वेकडे सरकू लागली तसतशी डाळिंबे, मग कोरडवाहू रान, मग पुन्हा कुठे विहिरीच्या पाण्याचा हिरवा चौकोन. आपण पाहतो तो प्रदेश वसलेला आहे. १८०३-०४ मध्ये तो नव्हता.

लढाईच्या दिवसाचा विचार करताना आपण तोफा मोजतो. पण ८ ऑक्टोबर ही तारीख कुणब्याच्या पंचांगात काय असते ते पाहिले पाहिजे. बाजरी कापून खळ्यावर आलेली असते. शाळूचा पेरा नुकता झालेला असतो, किंवा चालू असतो. कडब्याच्या गंजी अजून रचावयाच्या असतात आणि गुरांची सारी भिस्त माळाच्या गवतावर असते. अशा वेळी हजारो घोडी मुलखात उतरली म्हणजे खळे जाते, माळ जातो आणि उगवलेले पातेही जाते; तलवारीला हात न लावता गाव उपाशी मरावयास सिद्ध होते. फौजेला शिबंदीचा पगार महिनोन् महिने मिळत नसे, तेव्हा खंडणी आणि वैरण हाच पगार. यशवंतरावाबरोबरचे पेंढारी आणि पठाण हा मुलूख तुडवून गेले. पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या लोकांनी काही निराळे केले असे नाही. १८०३ साली वर पाऊस गेला. मग जो दुष्काळ पडला त्याने इंदापूर परगण्यातली गावेच्या गावे ओस पडली. माणसे मेली, उरलेली नीरा-भीमा ओलांडून गेली, पाटील-कुलकर्ण्यांनी वतनाची वाट सोडली, आणि जमिनीत बाभूळ आणि हराळी माजली. वसईच्या तहनाम्यातील कलमे आपणांस तोंडपाठ असतात. या गावांची नावे मात्र एकाही कलमात नाहीत.

१८०७ च्या सुमारास मल्हार मुकुंद यांच्याकडे परगण्याची मामलत आली आणि त्यांनी इस्तावे दिले. इस्तावा हा शब्द आता कोणाच्या तोंडी नाही, पण फार शहाणपणाचा शब्द आहे तो. पडीक जमीन कोणी लावू लागला तर पहिल्या वर्षी सारा नाममात्र, पुढील वर्षी थोडा अधिक, असा चढत चढत काही वर्षांनी पुऱ्या दरावर न्यावयाचा. तोवर सरकारने धीर धरावयाचा. याच इंदापुराने हे एकदा आधीही पाहिले होते. पुणे, सुपे, इंदापूर, चाकण ही शहाजीराजांची जहागीर आदिलशाही स्वारीत उजाड झाली होती, लांडग्यांचा उपद्रव वाढला होता, तेव्हा दादोजी कोंडदेवांनी कौल देऊन, इस्तावे लावून, तिची लावणी केली, आणि त्या पुन्हा उभ्या राहिलेल्या गावांतूनच बाल शिवाजीला पहिले सोबती मिळाले. मालोजीराजे जेथे पडले असे इंदापूरकर सांगतात, त्या जुन्या गावठाणाची आठवण करताना माझ्या मनात राजांच्या तलवारीइतकाच त्या कौलनाम्यांचा आदर होता.

इंदापूरच्या अलीकडे एका फाट्यावर मी उतरलो, कारण बसच्या खिडकीतून मला बैलांची पाभर दिसली होती. ट्रॅक्टरच्या दिवसांत ती दिसणे दुर्मीळ. वयस्क शेतकरी बैलांमागे होता आणि त्याची सून की लेक चाड्यावर मूठ धरून चालत होती. मुठीतून दाणे अशा मोजक्या लयीत सुटत होते की तिच्या बांगड्या एकदाही वाजल्या नाहीत. तास संपून बैल बांधाशी वळले तेव्हा मी रामराम घातला.

"रामराम. कुठलं पाव्हणं?"

मी सांगितले. पेरा उशिरा का, म्हणून विचारले.

"हस्तानं धरून ठिवलं की. वाफसाच हुईना. आता चित्रा लागायच्या आत उरकायचं, न्हाय तर शाळूत चिकटा पडतोय."

बांधाच्या टोकाला एक दगड रोवलेला होता. गुडघ्याच्या खालपर्यंत वर, बाकीचा जमिनीत, कडा झिजून गोल झालेल्या, आणि एका अंगाला शेंदराचा जुना ठिपका. हा कोणता देव, असे मी विचारले तेव्हा तो हसला. "देव न्हाय, सर्व्हेचा दगूड हाय. साहेबाच्या टायमाचा. आजा सांगायचा, ह्येला हात लावायचा न्हाय. म्हणून आयनं शेंदूर लावला, कुणी हलवू ने म्हणून."

त्या दगडापाशी मी खाली बसलो. १८३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अंमलदारांनी याच इंदापूर तालुक्यात जमिनीची नवी मोजणी करून, प्रतवार सारा बांधून, तो तीस वर्षांसाठी कायम केला. मुंबई इलाख्यातील रयतवारी जमाबंदीचा नमुना येथूनच पुढे सर्वत्र गेला. त्यांच्या आधी प्रिंगल साहेबाने बांधलेला सारा असा अवजड होता की लोक पुन्हा गावे सोडू लागले होते. यादवीने मोडलेला, दुष्काळाने रिकामा केलेला आणि मग अवजड साऱ्याने पुन्हा हलवलेला हा तालुका, म्हणून साहेबांना तो नव्या प्रयोगाला सोयीचा वाटला असावा. सारा उतरला, जमीन लागवडीस आली, हे खरे. आणि सारा रोकडीत ठरल्या दिवशी भरावयाचा म्हणून कुणबी सावकाराच्या वहीत गेला, आणि १८७५ च्या मे महिन्यात शेजारच्या सुप्यात त्याच वह्यांची होळी झाली, हेही खरे. दगडाच्या शेंदराकडच्या बाजूला माझे बोट फिरत होते. आत कुठे आकडे असतील म्हणून मी चाचपून पाहिले. उन्हापावसाने सारे सपाट केले होते.

"दगूड हलिवला तर काय हुतंय?" मी त्याच्याच बोलीत विचारले.

"काय हुतंय!" तो बैलांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. "भाऊबंदकी पेटती. आमच्या चुलत्यानं हातभर सरकिवला हुता. सतरा वरसं कोर्टात गेली दोन घरांची. रान पडूनच. ह्या बांधाची बाभळ ही एवढी मोट्टी झाल्ती." त्याने दोन्ही हात पसरून खोडाचा घेर दाखवला. "मग दोघं म्हातारं झालं, आन् पोरांनी मिटवलं. दगूड जिथल्या तिथं बसिवला, नारळ फोडला, जेवान केलं."

"चुलते आता?"

"त्ये काय," त्याने बांधापलीकडे मान केली. पलीकडच्या रानात एक म्हातारा खुरप्याने हराळीच्या काशा काढून बांधावर टाकीत बसला होता; आमच्याकडे त्याचे लक्षही नव्हते.

पश्चिमेकडे आभाळ पुन्हा भरत होते. सुनेने ओटीत नवे बियाणे भरून घेतले, चाडे एकदा उलटे करून झटकले, आणि सासऱ्याकडे पाहिले. त्याने मला "बसा, चा सांगतो," म्हटले. मी नको म्हणालो, पाऊस येण्याच्या आत तेवढे रान उरकू द्या म्हणालो. बैल वळले, फण जमिनीत उतरले, आणि ओल्या मातीचा वास घेऊन पाभर दगडाला वळसा घालून पुढच्या तासाला लागली.